वाकडी वात

अर्धांगवायूनंतर यांचा उजवा हात लुळा पडला. जळगावचे डॉक्टर म्हणाले, रोज बोटं चालवली नाहीत तर हात कायमचा जाईल. संध्याकाळी मी केळीच्या बागेतून घरी आले की यांना देवाची शपथ घालायची. चार दिवस यांनी डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबला, मग भिंतीकडे तोंड केलं. "माझ्यात दमच नाही राह्यला," म्हणाले.

चातुर्मासात माझा नेम असतो, देवाच्या वाती वळल्याशिवाय जेवायचं नाही. एका सकाळी मला ताप भरला आणि कापूस हातातून गळू लागला. यांची नुकतीच अंघोळ झाली होती. ऊन पाण्यानं हात जरा सैल होता.

"आन इकडे," हे म्हणाले. "देव अंधारात राहीन, अन् तू उपाशी."

डाव्या हाताचा आधार घेत यांनी कशीबशी एक वाकडी वात वळली.

"दिवा लाजीन हिले."

"देवाला चालते," मी म्हटलं आणि तीच लावली.

ताप उतरला, तरी वाती मी परत मागितल्या नाहीत. अंघोळीनंतर कापूस यांच्या पुढ्यात ठेवते. बोटं अजून थरथरतात. पण वाती झाल्याशिवाय हे उठत नाहीत, कारण समोर मी उपाशी बसलेली असते.