रहमतबीचं कापड आणि कण्हणारा डबा

घुग्घुसच्या बाजारात बाबूभाईचं टायपिंगचं दुकान. २००४च्या उन्हाळ्यात तिथं नुसती झुंबड. धुरीवाले बाबा चालू कॉम्प्युटरच्या डब्यावर जाड कापड घालत, लोबान फिरवत आणि विचारत, "रहमतबी, हाये का?" जरा वेळानं डबा कण्हायला लागे. कण्हणं वाढत जाई आणि अचानक पडदा काळा. आली आणि गेली, असं बाबा सांगत. बाया हात जोडत. वा रे बाबा, मेलेल्यांची हजेरी घेणारा मास्तरच जणू!

रहमतबी ही बाबूभाईची वारलेली बायको. घुग्घुसात कोळशाची धूळ फार, म्हणून टीव्ही असो की शिलाई मशीन, सगळ्यावर कापड घालायची रीत. डब्याचं कापडही तिनंच शिवलेलं. एकुलती मुलगी आफ्रीन ऊर्जानगरला विज्ञान शिकवायची, यायची ती ईदेला. मग बिचारा बाबूभाई डब्याशीच बोले. वरणात मीठ जास्त झालं, हेही त्याला सांगे. आता बाबांना तिथं गादी मांडायची होती आणि बाबूभाई दुकानाची चावी द्यायला निघाला होता.

कळताच आफ्रीन आली. तिनं डबा उघडला. आतल्या पंख्यावर धूळ आणि लोबानची काजळी थापली होती. ब्रशनं साफ केल्यावर, कापड न घालता, डबा दिवे लागेपर्यंत गुपचूप चालला.

"रूह रुसली," बाबा म्हणाले. "पोरीनं आईले घालवलं."

बाबूभाईनं मान खाली घातली. आफ्रीनला ते लागलं. तिनं चालू डब्याभोवती तेच कापड घट्ट गुंडाळलं आणि हाक मारली, "श्रीहरीभाऊ, हाये का?" श्रीहरी पानवाला तर गर्दीत जिवंत उभा! तरी जरा वेळानं डबा कण्हला आणि बंद पडला. लोक खो खो हसले.

आफ्रीननं समजावलं. डब्याच्या भोकांतून गार हवा आत जाते, गरम बाहेर पडते. भोकं बुजली की पंखा जोरात फिरतो, तोच हा आवाज. फार तापलं की यंत्र जळू नये म्हणून आपणच बंद होतं. तेवढ्यात बाबा पसार झाले.

गर्दी पांगली. बाबूभाई कापडाची घडी घालत म्हणाला, "पंखा हाये, समजलं मले. पण आता मी कोणाशी बोलू?"

आफ्रीनचे डोळे भरून आले. तिनं स्टूल ओढलं. "माझ्याशी बोला, अब्बा. दर रविवारी येईन मी."

तेव्हा लोकहो, चमत्कार दिसला की आधी डबा उघडून पाहा. आणि शेजारी कोणी एकटा भिंतीशी बोलत असेल, तर बाबा पोचायच्या आधी तुम्ही त्याच्याकडे जा.