हकीमजींची तिपाई आणि वच्छलेची चुळबुळ

मी तिपाई बोलतेय. धाड गावच्या शकूर सुतारानं मला बाभळीतून घडवलं, तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा. माझा मुक्काम हकीम रहेमतुल्लांच्या दवाखान्यात. रोगी माझ्यावर बसे आणि हकीमजी त्याची नाडी बघत. मी खालच्या बाजूनं तपासत असे. पोटदुखीवाला पुढे वाकतो, मूळव्याधवाला एका अंगावर कलतो आणि दुखण्याचं सोंग करणारा ऐसपैस बसतो.

एका बाजाराच्या दिवशी रुखमाबाईनं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, वच्छलेला, आणून बसवलं.

"हकीमजी, हिले औषध द्या. एका जागी बसत नाही म्हनून मास्तर नाव काटून राह्यले. शाळा सुटली त हिचा बाप लगन लावून देईन!"

हकीमजींना जंत दिसले. ते त्यांना सगळ्यांतच दिसत. एरंडेल दिलं. पुढच्या खेपेला उष्णता दिसली, सब्जा दिला. वच्छला होती तशीच. पाय वर, पाय खाली, नजर पालीकडे, मग बरणीकडे. एक नाडी बघेपर्यंत मी तेवीस वेळा हलले.

तिसऱ्या खेपेला हकीमजी म्हणाले, "बेटी, नवाचा पाढा म्हण."

नऊ त्रिकला अडली, उठली आणि खलबत्त्यातली सुंठ कुटू लागली.

"काऊन वो, लाज आहे का नाही?" रुखमाबाई ओरडली.

पण कुटता कुटता पाढा सुरू झाला. नवाचा संपला, मग एकोणतिसाचा. हकीमजींनी बत्ता काढून घेतला, पाढा थांबला. परत दिला, चालू! असं त्यांनी चारदा केलं.

"बाई, जंत नाहीत," ते ओशाळून म्हणाले. "हात चालला की हिचं ध्यान जागेवर येतं." तसंच मास्तरांना लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम मास्तर चिठ्ठी नाचवत आले. "बसल्याबिगर विद्या येते काय, हकीमजी?" तेवढ्यात मास्तरांनी बरणी उघडली, हुंगली, मग ते रस्त्यावरचा बैल बघून आले. "मी काय म्हनत होतो?"

"बसा, मास्तर."

ते बसले आणि मी ओळखलं. चुळबुळ तीच, वजन तेवढं जास्त. हकीमजींनी खलबत्ता पुढे सरकवला. कुटत कुटत मास्तर शिस्तीवर पाव तास सलग बोलले. मग स्वतःच्या हाताकडे बघून थबकले.

"पोरीचं नाव राहू देतो," ते हळूच म्हणाले. "पन हे कोनाले सांगू नोका."

वच्छला वर्गात उभी राहून टकळीवर सूत कातत चौथी पास झाली. लग्नाचं चौथीनंतर बघू, असं बापच म्हणाला होता.

आता मी परसात पडून आहे. माझ्यावर एक कोंबडी बसते. बसते म्हणजे काय, घटकेत दहादा उठते. तिला हाकलू नका. अंडं रोज देते.