मागच्या दाराला मूठ नव्हती

"मागं सरा! सगळे मागं सरा! आणि डोळे मिटा, नाहीतर तिची नजर तुमच्या डोळ्यांत शिरेल!"

मेकॅनिक मुअल्लिम मब्रूकनं आवाज लावला आणि बीर अल-तर्फा गावच्या चौकातली अख्खी गर्दी मुकाट मागं सरकली. चहावाल्याकडची गिऱ्हाइकं हातात पेले घेऊन तशीच उभी राहिली. भर उन्हाळ्याची दुपार होती, डांबर चपलांना चिकटत होतं, पण घरी जायला कुणी तयार नव्हतं. जाईल कशाला? फुकटात चमत्कार बघायला मिळत होता! मब्रूकच्या गळ्यात ताइतांचा जुडगा, हातात थंड पाण्याची सुरई आणि समोर अव्वादची जुनी टॅक्सी, बॉनेट उघडून मुर्दाड पडलेली.

"गाडीच्या काळजावर सावली बसलीय," मब्रूक डोळे फिरवत म्हणाला. "पिस्टनला हुंदके येतायत. कार्बोरेटर माझ्याशी स्वतः बोलला!"

"काय म्हणाला हो?" कुणीतरी भीत भीत विचारलं.

"म्हणाला, घारे डोळे!"

डोळे मिटायचं विसरून सगळ्यांनी एकदम मागच्या सीटकडं बघितलं.

तिथं इन्साफ बसली होती. बसली कसली, कोंडली होती. टॅक्सीच्या मागच्या दारांना आतून मूठच नव्हती. भाडं दिल्याशिवाय कुणी उतरू नये म्हणून तिच्या नवऱ्यानं, अव्वादनं, ती फार पूर्वीच काढून टाकली होती. आता तर मब्रूकच्या हुकमानं काचाही वर होत्या, जेमतेम बोट जाईल एवढी फट ठेवून. घामानं तिचा झगा पाठीला चिकटला होता, घसा सुकून लाकूड झाला होता. आणि डोळे घारे होते, हे तर खरंच होतं. आईचे डोळे आले, त्याला ती काय करणार?

तिच्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते. लग्नाच्याच आठवड्यापासून टॅक्सी रुसायला लागली होती. सकाळी नीट चालायची, दुपारी फेरी करून चौकात थांबली की पुन्हा सुरू व्हायचं नाव घ्यायची नाही. मग मब्रूकला बोलवा, तो मंत्र पुटपुटणार, पाणी शिंपडणार, गाडी फुरफुरत उठणार. एकदा तर इन्साफ घरीच होती, तरी गाडी बंद पडली. तेव्हा सासूनं, हज्जा सिकीनानं, कपाळाला हात लावला. "सकाळी दारातून बघितलं होतंस ना तिच्याकडं? मग!"

गाडीत बसली तर नजर, घरी राहिली तरी नजर. इन्साफला कुठून सुटकाच नव्हती.

"आज मी पाणी असंच टाकणार नाही," मब्रूकनं जाहीर केलं. "आधी या पोरीनं माहेरी जाते म्हणून कबूल करावं. कायमची! तेव्हाच गाडी उठेल."

हज्जा सिकीना काचेच्या फटीशी वाकली. "ऐकलंस ना सूनबाई? दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर तुमच्या गावाची बस आहे. हो म्हण आणि मोकळी हो. माझ्या पोराच्या पोटावर पाय देऊ नकोस."

"अव्वाद," इन्साफनं नवऱ्याला हाक मारली. "तू काय म्हणतोस?"

अव्वाद बुटाच्या टोकाकडं बघत उभा राहिला. "गाडीच नाही चालली तर आपण खाणार काय, इन्साफ?" तो एवढंच पुटपुटला.

नजर लागणारी म्हणून परत आलेल्या पोरीला माहेरी कोण उभं करणार? धाकट्या दोघी बहिणींची लग्नं तिथंच अडतील. रडावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, पण त्या भट्टीत बसून श्वास घेणंच जड झालं होतं.

आणि तेवढ्यात तिला मागची खेप आठवली. तेव्हाही ती अशीच आत कोंडलेली होती. बाहेर सगळे आज्ञाधारकपणे डोळे मिटून उभे होते. पण वर उचललेल्या बॉनेटखाली, समोरच्या काचेतून, एक फट दिसत होती. त्या फटीतून तिनं मब्रूकचे हात बघितले होते. मंत्र चालला होता आकाशाकडं बघून, हात मात्र एकाच जागी होते. इंजिनाच्या कडेला एक लोखंडी डबी होती, वाटीएवढी. तिला तो ओलं फडकं गुंडाळत होता, वरून पाणी सोडत होता आणि शांतपणे वाट बघत होता. फडक्यातून वाफ निघायची थांबल्यावरच त्यानं अव्वादला चावी फिरवायला सांगितलं होतं.

अख्ख्या गावात उघडे डोळे हिचे एकटीचे. तेही घारे!

"मी जाईन माहेरी," इन्साफ फटीला तोंड लावून मोठ्यानं म्हणाली. "पण आधी माझ्या हातानं पाणी घालू द्या. माझी नजर वाईट असेल तर गाडी आणखी बिघडेल. सगळ्यांसमोर शाबीत होऊ दे."

"खबरदार!" मब्रूक किंचाळला. "हात लावलास तर गाडी पेटेल!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. पेटती गाडी बघायला मिळणार म्हटल्यावर पुढचे मागं आणि मागचे पुढं सरकू लागले. आणि गंमत बघा, दार उघडलं ते सासूनं. "करू दे तिला," हज्जा सिकीना खटका ओढत म्हणाली. "उद्या माहेरचे भांडायला आले तर गाव साक्षीला असेल."

इन्साफ उतरली. मब्रूकच्या सुरईला तिनं हातही लावला नाही. चहावाल्याची पेले विसळायची बादली उचलली, अव्वादचं काच पुसायचं फडकं त्यात बुडवलं, त्या डबीला गुंडाळलं आणि वरून पाणी सोडलं. चर्र आवाज झाला. मंत्र नाही की फुंकर नाही, ती नुसती उभी राहिली.

"चावी फिरव," ती म्हणाली.

गाडी खोकली. पुन्हा खोकली. आणि धडधडत सुरू झाली.

"माझ्या मघाच्या मंत्राचा असर!" मब्रूक घाईघाईनं म्हणाला.

"कसला मंत्र, मब्रूक?" समोरच्या गॅरेजातून उस्ता शहाता हसत आला. गावात दुसरा मेकॅनिक हाच, पण त्याच्या दारात सहसा कुणी जात नसे. "ती डबी म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप आहे. तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. थंड केला की झालं. गटारीचं पाणी घातलं तरी चालेल."

"पण तापतो कशानं?" अव्वादनं विचारलं.

"लग्नानंतर लगेचच तुला सांगितलं होतं रे! गाडीत बिघाड नाही, ती पाटी काढ म्हणालो. तर तू म्हणालास, ज्याला बिघाड सापडत नाही तो कसला मेकॅनिक!"

गाडीच्या नाकासमोर निळ्या डोळ्याची भलीमोठी पत्र्याची पाटी ठोकलेली होती, खाली झालरीसकट. नव्या जोडप्याला नजर लागू नये म्हणून लग्नाच्याच आठवड्यात मब्रूकनं ती गळ्यात मारली होती. जाळी पार झाकलेली, वाऱ्याला आत जायला जागाच नव्हती. उन्हाळा, कोंडलेलं इंजिन, बाकी काय होणार? सून आली तेव्हापासून गाडी बिघडली, असं सगळे म्हणत होते. पाटीही तेव्हाच आली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शहातानं पाना काढला. पाटी खाली पडली तेव्हा हज्जा सिकीनानं डोळे घट्ट मिटून घेतले. काही झालं नाही. अव्वाद तशाच उन्हात कालव्यापर्यंत फेरी मारून आला, गाडी बंद केली, चहा प्याला आणि चावी फिरवली. पहिल्याच फटक्यात सुरू! तोवर मब्रूक ताइतांसकट पसार झाला होता. सुरई तेवढी राहिली, तिचं पाणी इन्साफनं घटाघट पिऊन टाकलं. चांगलं थंडगार होतं.

लोकहो, डोळे मिटा असं कुणी सांगितलं, की तिथंच ते टक्क उघडे ठेवा. कुणावर नजरेचा आळ घेण्याआधी बॉनेटखाली वाकून बघा. आणि काही बिघडलेलं नाही असं सांगणारा मेकॅनिक भेटला, तर त्याला सोडू नका.

"चल, बस गाडीत, घरी जाऊ," अव्वाद ओशाळून म्हणाला आणि त्यानं मागचं दार उघडून धरलं.

इन्साफ जागची हलली नाही.

"उस्ता शहाता," ती म्हणाली, "आणखी एक काम आहे. या दाराला आतून मूठ बसवा. मग बसते."