पडद्याच्या दुमडीत

आमच्या मास्तरांचा हॉटेलातल्या तिजोरीवर विश्वास नाही. कपाटात ती चिमुकली लोखंडी पेटी होती, आकडे दाबले की उघडणारी. मास्तरांनी ती उघडली, लावली, परत उघडली आणि म्हणाले, "ज्यानं बसवली त्याला उघडता येत नसेल होय?" प्रवासानं माझं अंग आंबून गेलं होतं. म्हटलं, काय हवं ते करा, आणि आंघोळीला गेले. बाहेर येऊन बघते तर हे खिडकीखाली मांडी ठोकून बसलेले आणि दातांनी दोरा तोडतायत.

"काय केलंत?"

"पासपोर्ट ठेवले. असे ठेवलेत, की चोराच्या बापाला सापडायचे नाहीत."

पडदा चांगला जाडजूड होता, जमिनीला टेकणारा. त्याच्या खालच्या दुमडीत आमचे दोन्ही पासपोर्ट सरकवून वरून हातशिलाई घातली होती. टाका दिसेल तर शपथ. आमच्या घरी प्रवासाला निघायचं म्हणजे आधी शिवणकाम. लग्नाला जायचं तर पाटल्या माझ्या परकराच्या नेफ्यात, लेकीला वसतिगृहात सोडायचं तर फीचे पैसे यांच्या बनियनला आतून. एकदा गर्दीत जाऊबाईंची पर्स कापली गेली आणि आमचं सगळं शाबूत राहिलं, तेव्हापासून तर यांची छाती दोन इंच पुढेच आहे. हे शिंपी. गिऱ्हाइकं 'मास्तर' म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

"अहो, पण उद्या दुपारी बोट आहे."

"उद्या दुपारी उसवतो. पडदे काय रोज कुणी धुतं का?"

मला पटलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला ते पटलं होतं.

आता ही सगळी यातायात कशासाठी, ते सांगते. मास्तरांना काचबिंदू आहे. फार उशिरा कळलं. डॉक्टर म्हणाले, कडेची नजर गेली ती गेली, मधली आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मी भांडी घासता घासता ठरवून टाकलं. या माणसानं जन्मभर मान खाली घालून लोकांच्या कॉलरी बघितल्या. नजर आहे तोवर त्याला जग दाखवायचं. बोटीनं चांगले तीन महिने, समुद्र, बर्फाचे डोंगर, ते माणसाएवढाले पक्षी, सगळं. आधी हे नाही नाही म्हणत होते. मग एका संध्याकाळी आपण होऊनच म्हणाले, "काढ तिकिटं." मला इतका आनंद झाला, की मी त्यांना कारणही विचारलं नाही.

सकाळी नाश्ता करून आम्ही जवळच्या बागेत चक्कर मारून आलो. बॅगा भरायच्या आणि बंदर गाठायचं, एवढंच उरलं होतं. दार उघडलं. पलंगावरची चादर कडक ताणलेली, आरसा पुसलेला, आणि खिडकीला निळे पडदे.

काल ते राखाडी होते.

"मास्तर," मी म्हटलं. पुढं शब्दच फुटेना. मी, जिची दिवसभर बोलती बंद होत नाही ती! मी गाडी शिकवते. शेजारच्या सीटवर बसून लोकांवर ओरडणं हाच माझा धंदा. पण तेव्हा नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं.

"काय झालं?" हे बॅगेशी खुडबुड करत होते.

"पडदे! पडदे बदललेत!"

मास्तर चालत खिडकीशी गेले आणि त्यांनी तो निळा पडदा हातात धरला, खालून वर चाचपला. मग त्यांचं तोंड पडलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता!

"चोराच्या बापाला सापडायचे नाहीत ना? घ्या! आता आपल्यालाही सापडत नाहीत! हौस फिटली का?"

"अगं, मी..."

"बोलू नका. चला."

खाली काउंटरवरच्या मुलीला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिला वाटलं, मला जुने पडदे जास्त आवडले होते. 'सुंदर निळे आहेत हे,' असं मला समजावत बसली! शेवटी मी तिच्यासमोर सुई चालवल्याचं नाटक केलं, तेव्हा तिचे डोळे मोठे झाले. तिनं फोन लावला. कुणी उचलेना. वर्षातून एकदा पडदे धुतात, तो नेमका आमच्या मजल्याचा दिवस होता. हॉटेलची लाँड्री मागच्या गल्लीत, तिथून दुसऱ्या वळणावर. सकाळीच सगळे गठ्ठे तिकडे गेले होते.

मी जवळजवळ पळतच सुटले. डोक्यात एकच. पासपोर्ट भिजले, की बोट गेली. बोट गेली, की पुढची सगळी बुकिंगं गेली, आणि मग कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, कागद मिळवून घरी परत. पुन्हा काढू म्हणावं, तर यांची नजर तोवर थांबून राहणार होती का? रस्ता ओलांडला आणि मागं वळून बघते, तर मास्तर पलीकडच्या कडेलाच उभे! गाड्या थांबलेल्या, माणसांसाठी हिरवा दिवा, आणि हे आपले ढिम्म.

"रुसायला हीच वेळ सापडली का?" मी इकडून ओरडले. लोक बघायला लागले. बघेनात का. परत गेले, मनगट धरलं आणि ओढत घेऊन आले.

लाँड्री तळघरात होती. जिन्यावरच वाफेचा भपकारा आला. खाली भिंतीला ओळीनं मोठाली यंत्रं, साबणाचा उग्र वास, आणि मधोमध राखाडी पडद्यांचा डोंगर. सगळ्या मजल्याचे पडदे, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे. रबरी बूट घातलेली एक धिप्पाड बाई त्यातले दोन-दोन कवेत घेऊन यंत्रात कोंबत होती. एक यंत्र आधीच फिरत होतं.

मी हात हलवत ओरडले, "थांबवा! स्टॉप! बाई, स्टॉप!"

तिनं कानाला हात लावला. त्या आवाजात तिला काय ऐकू जातंय! मी जाऊन सरळ तिचा दंड धरला. ती चिडली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली, चांगलं नसावं. मी हातानं पुस्तक उघडलं, विमान उडवलं, सुई चालवली. तिनं माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि फिरतं यंत्र बंद केलं. त्याच्या काचेतून पाणी उतरताना मला दिसत होतं. त्यात आमचा पडदा असेल, तर संपलं.

मास्तर तोवर त्या ढिगाशी गुडघ्यावर बसले होते. त्यांनी डोळे मिटले. एकेक पडदा ओढायचा, खालची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायची. मशीनची शिलाई, मशीनची शिलाई, बाजूला. पुढचा. मीही दुसऱ्या बाजूनं चाचपायला लागले, पण घाईत एकच पडदा मी बहुतेक तीनदा चाचपला. ती बाई कमरेवर हात ठेवून बघत उभी. मध्येच तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तिचंही खरंच होतं.

ढीग कमी कमी होत गेला. पासपोर्ट यंत्रातच गेले असं धरून मी मनातल्या मनात त्यांच्यावर पाणी सोडलं. आता घरी जायचं. लेकीला काय सांगायचं, तेही जुळवायला लागले.

"हा," मास्तर म्हणाले.

त्यांचं बोट एका जागी थांबलं होतं. "हा माझा टाका."

दातांनी दोरा तोडला, दुमड उसवली. दोन्ही पासपोर्ट कोरडे ठणठणीत बाहेर आले. मी ते छातीशी धरले आणि त्या बाईला मिठीच मारली. ती बिचारी हसायला लागली. मग तिनं आमचा पडदा उचलला, उलटापालटा केला आणि 'रेड, रेड' म्हणत त्याचं वरचं टोक मला दाखवलं. तिथं खोलीचा आकडा लाल रंगात लिहिलेला! चांगला हाताच्या पंजाएवढा. प्रत्येक पडद्यावर होता. खोलीचा नंबर सांगितला असता, तर तिनं चुटकीसरशी काढून दिला असता. आम्ही दोघं शहाणे खालच्या कडा चाचपत बसलो होतो.

मला हसू आवरेना. रडू पण येत होतं. मी पडद्याचं टोक ओढून मास्तरांच्या तोंडासमोर नाचवलं. "बघा हो, बघा! एवढा थोरला आकडा, आणि आपण आंधळ्यासारखे शोधतोय!"

"हो की," मास्तर हसले. "केवढा मोठा लिहिलाय! लाल आहे नाही?"

ती बाई माझ्याकडे विचित्र बघायला लागली. मी हातातल्या टोकाकडे बघितलं. गडबडीत मी दुसरंच टोक ओढलं होतं. कोरं. आकडा त्या बाईच्याच हातात होता.

"मास्तर, हे कोरं आहे."

त्यांचं हसू तसंच राहिलं, नुसतं ओठांवर.

"लाल कशावरून म्हणालात?"

"ती मघाशी म्हणाली ना काहीतरी. 'रेड' ऐकलं मी."

"तुम्हाला किती दिसतं?"

त्यांनी अंगठा आणि बोट जवळ आणलं. "एवढं. उजव्यानं. काजातून बघावं तसं. डावा गेला."

"कधी?"

"तिकिटं काढायच्या आधी."

मी मटकन त्या पडद्यांवर बसले. "मग कशाला आलात? कुणी जबरदस्ती केली होती? मी तुमच्यासाठी केलं हे सगळं! तुम्हाला दिसावं म्हणून!"

"सांगितलं असतं, तर तू मला घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात फिरली असतीस. समुद्र राहिला असता." ते माझ्याशेजारी चाचपत बसले. "लग्न झाल्यापासून कुठं नेलं का मी तुला? म्हटलं, एक तरी डोळ्यांची जोडी बघून घेईल."

मी ओक्साबोक्शी रडले. परक्या मुलखात, परक्या बाईच्या धुण्याच्या ढिगावर बसून, लाजलज्जा सोडून रडले. तिनं मला एक स्वच्छ टॉवेल आणून दिला आणि घड्याळाकडे न बघता दुसऱ्या कामाला लागली.

बोटीच्या शिडीवर मी त्यांना दंडाला धरून चढवलं. पाऊल उचला, अजून एक, आता सपाट. कठड्याशी नेऊन उभं केलं, हात दांड्यावर ठेवला. भोंगा झाला, पायाखाली थरथर सुरू झाली आणि किनारा मागं सरकायला लागला.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं.

मी तोवर त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मान वळवली.

"पाणी आहे."

"एवढंच?"

"थांबा हो जरा," मी खेकसले. "मला आधी नीट बघू तरी द्या."