माझ्यावरची बादली

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी स्टूल आहे. बसण्यासाठी जन्मलो आणि बादली वाहण्यात म्हातारा झालो, एवढीच खरं तर माझी कथा. पण मधे एक दुपार येते, म्हणून सांगतो.

नळदुर्गला हमरस्त्याच्या कडेला गोरोबा वेल्डरचं दुकान होतं. ट्रकच्या मोडक्या फाळक्यातून त्यानं मला घडवलं. तोल बघायला पहिल्यांदा तोच माझ्यावर बसला. म्हणाला, "डॉक्टर सायबाला बसायला हाय. डुगडुगाया नगं." मला केवढा आनंद झाला!

लोहारा गावाकडच्या एका लहान दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत, खाटेच्या उशाशी मला जागा मिळाली. लवकरच आया प्रेमाबाईंनी माझ्यावर फिनेलची बादली ठेवली, ती ठेवलीच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

डॉक्टर अमरसिंह हाताचे कुशल, तोंडाचे फटकळ. किती अडलेल्या बायका त्यांनी सुखरूप सोडवल्या, ते मी पाहिलंय. पण ते पायथ्याशी उभं राहूनच बोलत. बाई कण्हली की म्हणत, "गप पड! तू एकटीच बाळंत होतीस काय?" म्हणून प्रत्येक आई आपल्या लेकीला घरूनच पढवून आणे, की तिथं आवाज काढायचा नाही.

चैतालीही तशीच आली होती. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळच्या तपासणीत तिचं सगळं ठीक होतं. दुपारी मात्र तिचं डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढं काजवे चमकू लागले. तिनं ते आईला, विठाबाईंना सांगितलं.

"ओढणी दातात धर, माय," विठाबाई कुजबुजल्या. "त्यांनी इचारलं तर न्हायच म्हन. चिडले तर नीट बघायचे न्हायत."

थोड्या वेळानं डॉक्टर आले. "काही त्रास?" चैतालीनं ओढणीचा बोळा दातात धरून नाही म्हणून मान हलवली.

"अशी पाहिजे पेशंट!" म्हणत ते खूश होऊन गेले.

चैतालीचा चेहरा सुजत चालला होता. मला भीती वाटली. पण लोखंडाला तोंड कुठं असतं?

डॉक्टर पुन्हा आले ते लंगडत. पायरीवर त्यांचा पाय मुरगळला होता. उभं राहवेना, तेव्हा त्यांनी बादली खाली ठेवली आणि ते माझ्यावर टेकले. मायेपोटी नव्हे हो, घोट्यापायी! घोटा दाबताच ते कळवळले, "आई गं!"

चैताली बघतच राहिली. डॉक्टरही ओरडतात! त्यांचं तोंड आता तिच्या तोंडासमोर होतं. तिनं हळूच बोळा काढला.

"सर, रागावू नगा. समदं अंधुक दिसतंय. डोकं फुटाया लागलंय."

डॉक्टर घोटा विसरले. रक्तदाब मोजला, तो भलताच चढला होता. इंजेक्शन भरता भरता ते म्हणाले, "मघाशी विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंस?"

विठाबाईंनी मान खाली घातली.

"तुमी खूश हुता, सर," चैताली म्हणाली.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर माझ्यावरून हलले नाहीत. चैताली पोटभर ओरडली आणि तिला मुलगी झाली, श्रावस्ती. "झटके आले असते, तर मायलेकी हातच्या गेल्या असत्या," असं डॉक्टर नंतर प्रेमाबाईंना सांगत होते.

त्यांचा घोटा बरा झाला आणि बादली पुन्हा माझ्या डोक्यावर आली. म्हटलं, ये रे माझ्या मागल्या!

एका सकाळी खाटेवर दुसरी बाई होती, ओठ घट्ट मिटलेली. डॉक्टरांनी पायथ्याशी उभं राहून विचारलं, "काही त्रास?"

"न्हाय."

ते दारापर्यंत गेले. तिथं जरा थांबले. मग माघारी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं बादली उतरवली आणि मला ओढून बसले. "आता सांगा," ते म्हणाले. "ओरडलात तरी चालेल."

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, तर बाईला त्रास विचारण्याआधी खुशाल बसा. मी डुगडुगत नाही. गोरोबानं बसून पाहिलंय.