डावा हात

हिरुत लास वेगासला उतरली त्या दिवशी गाशे अस्फावनी, म्हणजे अस्फावकाकांनी, विमानतळापासून घरापर्यंत आपल्या टॅक्सीतच तिची शिकवणी घेतली होती.

"हे बघ पोरी, या गावात कुणाचा हात रिकामा पाठवायचा नाही. बॅग उचलणारा, गाडी आणून देणारा, दार उघडणारा, सगळ्यांना द्यायचं. पत्ते वाटणाऱ्याच्या हातात मात्र नाही हं, त्याची नोकरी जाईल. टेबलावर ठेवायचं. आणि टॅक्सीवाल्याला विसरशील तर बघ!" असं म्हणून ते स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसले होते.

घरी त्यांच्या बायकोने, वर्कनेशबाईंनी, इंजेराचं, आंबवलेल्या घावनांचं, मोठं ताट मांडलं होतं. अनोळखी गावात, अनोळखी ताटावर हिरुत अवघडून बसली होती. तेव्हा गाशेंनी इंजेराच्या तुकड्यात डोरोवटाचा, कोंबडीचा झणझणीत रस्सा गुंडाळून पहिला घास आपल्या हाताने तिच्या तोंडात भरवला. मोठ्यांनी भरवलेला घास नाकारायचा नसतो. हिरुतने तो खाल्ला, आणि त्या दिवसापासून ती त्या घरची झाली. अदिस अबाबाहून आलेल्या सगळ्याच पोरांचे ते गाशे होते, पण तिचे जरा जास्त. कॅसिनोत पत्ते वाटण्याचं शिक्षण तिने त्यांच्याच घरात राहून घेतलं, नोकरी लागल्यावर वेगळी खोली केली. पुढे नात्नाएलकडची वडीलधारी मंडळी मागणी घालायला आली, तीही गाशेंच्याच बैठकीत. फसिकाचे, म्हणजे ईस्टरचे, उपवास सुटले की लग्न होतं, आणि चर्चमध्ये बाप म्हणून गाशे तिच्या बाजूने चालणार होते.

ते सगळं ठरलं आणि वर्कनेशबाई गेल्या. गाशेंनी त्यांचा सोन्याचा क्रॉस आपल्या गळ्यात घातला आणि टॅक्सी सोडली. रिकामं घर माणसाला खातं. म्हातारा दुपारच्या वेळी कॅसिनोत हिरुतच्या टेबलावर येऊन बसू लागला.

पहिल्यांदा तिला बरंच वाटलं. डोळ्यांसमोर तरी आहेत! ते खेळायचे, हरायचे, आणि दर थोड्या वेळाने एक चिप आपल्या पैशांपासून बाजूला सरकवायचे. ही वाटणारीची. हिरुत ती टेबलाच्या कडेवर टक् टक् आपटायची, मान किंचित लववून "थँक्यू" म्हणायची आणि बक्षिशीच्या डब्यात टाकायची. डबा सगळ्यांचा. दिवसाअखेरी वाटणी व्हायची, त्यामुळे गाशे आले की शेजारच्या टेबलावरच्या रोवेनाची कळी खुलायची.

"अगं, तुझा म्हातारा आला बघ. देव त्याला उदंड आयुष्य देवो."

हिरुत मात्र हळूहळू त्यांच्यापुढच्या चिपा मोजायला लागली. म्हातारा जिंकायला येत नव्हता. घरी जायला नको म्हणून बसायचा, आणि बसायचं म्हणजे पैसे घालावे लागायचे. पण पत्ते वाटणारीने गिऱ्हाइकाला "आता पुरे" म्हणायचं नसतं. टेबलावर आपली भाषाही बोलायची नसते. हसायचं आणि वाटत राहायचं.

म्हणून एका रविवारी चर्चनंतर तिने त्यांच्या घरी जाऊन विषय काढला.

"गाशे, तुम्ही तिकडे येऊ नका. मी पाया पडते."

"अगं, करमणूक आहे म्हाताऱ्याची! तुला बघायला येतो मी."

"मला बघायला घरी बोलवा ना. तिथे तुमचं सगळं..."

पुढचं बोलायच्या आत त्यांनी घास तिच्या तोंडात भरला. एक संपतो न संपतो तोच दुसरा. तोंडात घास असताना माणूस काय बोलणार? हिरुत डोळ्यांत पाणी आणून चावत राहिली, आणि गाशे जोक मारत राहिले.

मग ती दुपार आली. गाशे टेबलावर येऊन बसले, आणि हिरुतचे हात पत्ते पिसता पिसता अडखळले. त्यांचा गळा मोकळा होता. क्रॉस नव्हता. त्यांच्यापुढे चिपांची नवी चळत होती.

विचारायची सोय नव्हती. पहिलाच डाव ते जिंकले, आणि चळतीतली सगळ्यात मोठी, काळी चिप त्यांनी तिच्यापुढे सरकवली.

"ही माझ्या मुलीच्या लग्नाची," ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पलीकडून रोवेनाने भुवया उंचावल्या. हिरुत त्या चिपेकडे बघत राहिली. वर्कनेशबाई स्वयंपाक करताना तो क्रॉस ओढणीत खोचून ठेवायच्या, रश्शाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून. तो विकून आलेली चिप टक् टक् आपटून ती डब्यात टाकणार होती? आणि वर थँक्यू म्हणणार होती?

तिने मान लववली नाही. उजवा हात मागे घेतला, आणि वडीलधाऱ्यापुढे जो हात कधी करायचा नसतो त्या डाव्या हाताच्या दोन बोटांनी ती चिप परत ढकलली. टेबलावरून कचरा सारावा तशी.

"मला नको तुमचे पैसे," ती म्हणाली. "दुसरीकडे जा खेळायला."

बाकीच्यांना फक्त एक उद्धट बाई दिसली. गाशेंना तो हात दिसला. त्यांचा चेहरा कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्यांनी चिपा गोळा केल्या. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला त्यांना.

देखरेखीवरचा ग्लेन धावत आला. "डोकं फिरलंय का तुझं? गिऱ्हाइकाला हाकलतेस?" त्याने तिला टेबलावरून उतरवलं. टेबल सोडायच्या रिवाजाप्रमाणे हिरुतने टाळी वाजवली आणि दोन्ही पंजे उलटेसुलटे करून दाखवले. हातात काही नाही. दारापाशी पोचलेल्या गाशेंनी वळून ते पाहिलं आणि निघून गेले.

त्यानंतर तिला कमी बक्षिशीची दरिद्री टेबलं मिळाली आणि रोवेनाने अबोला धरला. ते सगळं तिने मुकाट्याने गिळलं. पण गाशे फोन उचलेनात. चर्चलाही येईनात. नात्नाएल म्हणाला, "माझ्या काकांना चालायला सांगू का तुझ्याबरोबर?" तेव्हा ती हमसून हमसून रडली. पोरकी तर ती अदिसमध्येच झाली होती. इथे ती आपल्या हाताने झाली.

लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी काम सुटल्यावर ती बाहेर आली तर हॉटेलच्या दाराशी लागलेल्या टॅक्सींच्या रांगेत, एका स्टिअरिंगमागे गाशे बसलेले. तिने मागून आलेल्या प्रवाशांना पुढे जाऊ दिलं. ती टॅक्सी दाराशी आली तेव्हा दारवानाच्या हातावर नोट ठेवून ती मागे बसली. गाशेंनी आरशात पाहिलं, मीटर टाकलं. अर्धा रस्ता मागे पडला.

"त्या दिवशी मी समोरच्या हॉटेलात गेलो," गाशे रस्त्याकडे बघत म्हणाले. "राहिलेलं तिथे घालवलं."

हिरुतने डोळे मिटले. म्हणजे काहीच उपयोग झाला नाही.

"शेवटची काळी चिप मी तिथल्या पोरीला दिली. मला उठवलं नसतं तिने, हिरुत. माझ्या अंगावरचा सदरा उतरवून दिला असता ना, तरी तो टक् टक् आपटून थँक्यू म्हणाली असती. किती गोड हसली! आणि मला तुझा डावा हात आठवला." ते थांबले. "परत नाही गेलो कुठे. तुझ्यापुढे यायला तोंड नव्हतं."

"आणि वर्कनेशआईंचा क्रॉस?"

"गहाण आहे. विकला नव्हता गं. त्याच्यासाठीच परत ही टॅक्सी. लग्नापर्यंत नाही सुटायचा."

घर आलं. हिरुतने मीटरचे पैसे दिले. मग पाकीट होतं तेवढं रिकामं करून, वडीलधाऱ्यांना मानाने द्यावं तसं डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देत तिने बक्षिशी पुढे केली. परत ढकलली तर? त्यांना तो हक्क होता.

गाशे मागे वळले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, ओंजळीत पैसे घेतले आणि तिच्यापुढे मान लववली.

"गाशे, असं नका करू!"

"गप. टॅक्सीवाल्याला विसरायचं नाही, मीच शिकवलं होतं ना?" त्यांनी बाहीने डोळे पुसले. "लग्नाला गाडी हीच आणावी लागेल. माझी खेळात गेली. चालेल?"

"चालेल," हिरुत म्हणाली. "मी तुमच्याच शेजारी पुढे बसेन."