चार इंच वजा

नोटीस वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली आईचं शिवणाचं दुकान नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. एवढ्याशा आमच्या घराला कर खात्याने चक्क 'मोठं घर' ठरवलं होतं! हजार चौरस फुटांच्या वर गेलं की मोठं, आणि नव्या मूल्यांकनात मोठ्या घराला कर थेट अडीचपट. आमचा आकडा होता एक हजार शहाण्णव.

दादा फोनवर लगेच म्हणाला, "विकून टाका ते घर. आई माझ्याकडे राहील."

"आणि मशीन काय तुझ्या गॅलरीत ठेवू?" आई म्हणाली. "गिऱ्हाइकं आठ मजले चढून येणार आहेत होय?"

फोन ठेवल्यावर मात्र ती मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसती बसून राहिली. शिलाईच्या पैशांतून तो कर भरणं कुणाच्याच बापाला जमलं नसतं. मी तेव्हाच ठरवलं, हे घर जाऊ द्यायचं नाही.

मी बेकरीत भट्टीवर काम करते, त्यामुळे तापायची सवय आहेच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून खात्याच्या खिडकीशी गेले आणि आवाज चढवला. आतल्या कारकूनबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कर जास्त आहे म्हणून अपील होत नाही, ताई. मूल्यांकन चुकलंय हे दाखवावं लागतं. क्षेत्रफळ चुकलंय, घराची अवस्था चुकीची धरलीय, नाहीतर अगदी तसंच घर शेजारी कमी धरलंय. यातलं आहे काही? मुदत तीस दिवसांची. तुमचे बावीस गेले."

शेजारचं घर! मास्तरांचं घर आणि आमचं घर एकाच गवंड्याने एकाच नकाशावरून बांधलंय. मी धावतच मास्तरांकडे गेले. त्यांच्या नोटिशीवर आकडा होता नऊशे पंचावन्न. मला नाचायचंच बाकी होतं. सापडला चोर! आता खात्याची बोबडी वळवते की नाही बघा.

अर्जाला आपलं मोजमाप जोडायचं होतं. रविवारी आईने तिची शिवणाची पाच फुटी टेप काढली; एकेका भिंतीला ती तीन-चारदा लावावी लागे. टोक तिने भिंतीला धरायचं, दुसरीकडचा आकडा मी वहीत लिहायचा. वर-खाली, कानाकोपरा, सगळं मोजलं. बेरीज आली एक हजार शहाण्णव.

माझं तोंड एवढंसं झालं. खात्याचंच बरोबर निघालं की!

मास्तर आपली लोखंडी टेप घेऊन आले. तिच्यावर तीच भिंत कमी भरली. पुढची भिंतही कमीच.

आईने माझ्या वहीत डोकावून पाहिलं. "दर वेळी चार वजा केलेस ना?"

"कसले चार?"

"अगं, टोक झिजलं म्हणून मी ते कधीच कापून टाकलंय. माझी टेप चारपासून सुरू होते!"

पाहिलं तर खरंच. पहिले चार इंच गायब. इतकी वर्षं ही बाई मनातल्या मनात चार वजा करून अख्ख्या गल्लीचे कोट शिवत होती आणि कुणाचं बटण कधी ताणलं नव्हतं. मी हसत सुटले. आपलेच दात, आपलेच ओठ!

आई मात्र हसत नव्हती. नऊ वर्षांपूर्वी कर खात्यासाठी प्रत्येकाने आपलं घर स्वतःच मोजून फॉर्म भरायचा होता; नोटिशीतला आकडा तिथलाच. तेव्हाही टोक आईनेच धरलं होतं आणि आकडे बाबांनी लिहिले होते.

"सांगितलं होतं मी त्यांना! दर आकड्याला चार वजा करा म्हणून! माणूस आकडे लिहीत होता की रांगोळी काढत होता?"

बाबांना जाऊन चार वर्षं झाली होती, तरी त्या दिवशी त्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली.

मी अर्जात कारण बदललं: 'आमच्याच जुन्या मोजमापातली चूक'. खात्याचा निरीक्षक येऊन घर मोजून गेला आणि सुनावणीची तारीख लागली. दालन गल्लीतल्या अपीलवाल्यांनी गच्च भरलं होतं. निम्म्या लोकांच्या अंगावर आईचीच शिलाई.

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "निरीक्षकाचं माप नऊशे पंचावन्न आलंय. पण मग तुमचाच जुना आकडा इतका मोठा कसा? मधे एखादी खोली पाडली, की काही लपवलंत?"

आईने पिशवीतून टेप काढली. "साहेब, जरा उभे राहा. हात वर करा."

साहेब इतके गोंधळले की खरंच उभे राहिले. आईने छातीभोवती टेप गुंडाळली. "टेपवर शेहेचाळीस. म्हणजे तुम्ही बेचाळीस."

"बेचाळीसच आहे माझं," साहेब म्हणाले आणि सगळं दालन खो-खो हसलं. मी तर टाळ्याच पिटल्या.

साहेबांनी जुना फॉर्म पुढे ओढला. हसू आवरून म्हणाले, "पण अक्षर तर तुमच्या मिस्टरांचं दिसतंय. म्हणजे वजा करायला ते विसरले?"

आईने गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"नाही. मी त्यांना सांगितलंच नव्हतं. चूक माझी. तसंच लिहा."

साहेबांनी तसंच लिहिलं. नऊशे पंचावन्न, लहान घर, शिक्का! मी आईला तिथेच मिठी मारली.

पायऱ्या उतरताना मात्र मला राहवेना. "खोटं का बोललीस? आता सगळे म्हणतील, शिंपीणबाईंचं माप चुकलं."

"म्हणू देत. मी उद्या दुकान उघडेन, कोट शिवेन, लोक गप्प बसतील." तिने पदराने चष्मा पुसला. "तुझ्या बाबांना आता कुठे येऊन उत्तर देता येणार आहे?"

मग ती घराच्या दिशेने अशी झपाझप निघाली की तिला गाठायला मला पळावं लागलं.